पांढऱ्या गाडीवरचे बारीक डाग

पांढऱ्या, चंदेरी किंवा फिकट करड्या गाडीवर दिसणारे बारीक ठिपके बहुतेक वेळा रंगाचा दोष नसतात. ते बाहेरून येऊन बसलेले असतात. लोखंडाचा कीस, मधमाश्यांची विष्ठा, डांबराचे शिंतोडे, झाडाचा चीक, बोरिंगच्या पाण्यातला क्षार, पूजेची हळद, यांतला प्रत्येक डाग वेगळ्या जातीचा आणि त्याची निघण्याची रीतही वेगळी. डांबर ज्याने सुटते त्याने क्षार हलत नाही, आणि क्षार ज्याने विरघळतो ते डांबरावर वाया जाते. म्हणून या कामातली अर्धी मेहनत डाग ओळखण्याची असते. ती टाळून फडके घेऊन घासत सुटले की डाग तसाच राहतो आणि ओरखडे तेवढे वाढतात.

चंद्रपूर जिल्ह्यातले पोंभुर्णा हे या अभ्यासाला फारच सोयीचे ठिकाण आहे. तालुक्याचे हे लहानसे गाव मध्य चांदा वनविभागाच्या साग-बांबूच्या जंगलाला लागून आहे. त्यामुळे झाडे, पाखरे आणि आग्या मोहोळे यांचा प्रसाद गाडीला वर्षभर मिळतो. दुसऱ्या अंगाला उद्योगांचा पट्टा आहे. बल्लारपूरला कागद गिरणी आणि मोठे रेल्वे जंक्शन, घुग्घुसला स्पंज आयर्न, चंद्रपूरलगत दुर्गापूरला २९२० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र, गडचांदूर-आवारपूर भागात सिमेंटचे कारखाने, शिवाय ठिकठिकाणी कोळसा खाणी. वैनगंगेपलीकडे चामोर्शी तालुक्यात कोनसरीला लोह प्रकल्प उभा राहिला आहे, आणि एटापल्लीच्या सुरजागडहून लोहखनिज भरलेले ट्रक गडचिरोलीच्या रस्त्यांवरून धावतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा ८३.८८ गुणांसह चंद्रपूर चौथ्या क्रमांकावर होते. आठवड्यातून दोनदा कामानिमित्त चंद्रपूरला जाऊन येणाऱ्या एमएच ३४ पासिंगच्या गाडीवर जंगलाचे आणि कारखान्यांचे असे दोन्ही डाग एकाच वेळी सापडतात.

त्यातून गाडी बहुधा पांढरीच असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या मुलखात पांढरा रंग उन्हात कमी तापतो, साधा पांढरा रंग डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे सहज जुळवून मिळतो, जुनी गाडी विकताना गिऱ्हाईक चटकन मिळते, आणि सरकारी जीप-बोलेरोंमुळे तो डोळ्यांच्या सवयीचाही आहे. पांढऱ्या रंगावर धूळ आणि बारीक ओरखडे लपतात. रंगीत ठिपके मात्र लपत नाहीत. काळ्या गाडीवर जो तांबूस कण कुणाच्या लक्षातही आला नसता, तो पांढऱ्या बॉनेटवर दोन हातांवरून दिसतो.

डाग कुठवर पोचला आहे हे कळण्यासाठी रंगाची रचना ठाऊक असावी लागते. आजच्या गाडीच्या पत्र्यावर आधी गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सगळे मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते, म्हणजे माणसाचे दोन केस एकावर एक ठेवल्याएवढी. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. पांढरेपणा त्याखालच्या थरातल्या टायटॅनियम डायऑक्साइडमुळे येतो, तर चकाकी आणि उन्हापासूनचा बचाव ही क्लिअर कोटची कामे आहेत. बहुतेक डाग या वरच्या थरावर बसलेले किंवा त्यात थोडे रुतलेले असतात. काही जुन्या आणि काही साध्या पांढऱ्या गाड्यांवर क्लिअर कोट नसतोच. अशा रंगावर पॉलिश लावून गडद रंगाचे फडके फिरवले तर फडक्यावर पांढरट दुधासारखा थर येतो. क्लिअर कोट असेल तर फडके मळते, पण त्याला रंग लागत नाही. उपाय करण्याआधी ही खूण न दिसणाऱ्या एखाद्या कोपऱ्यात पाहून ठेवावी.

ओळख पटवायची तर गाडी आधी सावलीत नीट धुवावी, कारण साध्या धुण्यानेच निम्मे ठिपके जातात. जे उरतात त्यांच्यावर पाणी असतानाच हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून बोटांची टोके पत्र्यावरून अलगद फिरवावीत. उघड्या बोटाला जे कळत नाही ते पिशवीतून कळते. रंग गुळगुळीत लागला तर डाग खाली मुरलेला आहे. खरखर लागली तर काहीतरी वर चिकटलेले आहे. खळगा लागला तर दगड उडून रंगाचा टवका गेला आहे. तांबूस ठिपक्यांच्या बाबतीत एक साधी पडताळणी फार उपयोगी पडते. तसेच ठिपके प्लास्टिकच्या बंपरवर आणि आरशाच्या कव्हरवरही आहेत का, ते बघावे. प्लास्टिक गंजत नाही. तिथेही ठिपके असतील तर गाडीचा पत्रा गंजलेला नसून गंज वरून येऊन पडलेला आहे. नव्या पांढऱ्या गाडीवर पहिल्या पावसाळ्यात तांबडे ठिपके बघून पत्राच सडका निघाला असे समजणाऱ्या अनेकांचा जीव एवढ्यानेच भांड्यात पडेल.

हे तांबडे ठिपके म्हणजे लोखंडाचे कण. रेल्वेच्या चाकांतून आणि ब्रेकमधून, कारखान्यांतून, रस्त्याकडेच्या फॅब्रिकेशनच्या दुकानातल्या ग्राइंडरमधून आणि गाडीच्या स्वतःच्या ब्रेकमधूनही ते उडतात. ग्राइंडरची ठिणगी तापलेली असते, त्यामुळे ती क्लिअर कोटमध्ये थेट रुतते. गार कण आधी नुसता बसतो. मग दव आणि पाऊस लागून तो गंजतो, गंजताना फुगतो, आणि त्याची पकड घट्ट होते. म्हणूनच उन्हाळाभर न दिसलेले ठिपके जुलै-ऑगस्टमध्ये एकाएकी उगवल्यासारखे वाटतात. रेल्वेने नव्या गाड्या पाठवणाऱ्या कंपन्यांना जगभर हा त्रास झाला; हे ठिपके रुळांच्या सान्निध्यात येत असल्याने इंग्रजी मुलखात त्यांना रेल्वेच्या धुळीचेच नाव पडले. बल्लारपूरच्या रेल्वे यार्डाजवळ किंवा घुग्घुसच्या रस्त्यावर रोज उभी राहणारी गाडी या बाबतीत सर्वांत जोखमीची.

या डागाला घासणे हा उपाय नाही. कण मोकळा झाला तर फडक्याखाली तोच रंगावर रेघा ओढतो. त्यासाठी आयर्न रिमूव्हर नावाचा फवारा मिळतो. त्यात थायोग्लायकोलेटचा क्षार असतो, केस काढण्याच्या क्रीममध्ये असतो त्याच घराण्यातला, म्हणून वासही तसाच उग्र, सडक्या अंड्याची आठवण करून देणारा. गाडी धुऊन, सावलीत, पत्रा गार असताना तो फवारावा. दोन-तीन मिनिटांत प्रत्येक ठिपक्याभोवती जांभळा रंग फुटतो आणि पांढऱ्या दारावरून जांभळे ओघळ उतरू लागतात. लोखंड विरघळत असल्याची ती खूण. रंग कुठेच फुटला नाही तर डाग लोखंडाचा नाही, म्हणजे हा फवारा औषधाबरोबर निदानाचेही काम करतो. तो वाळू न देता भरपूर पाण्याने धुवावा, आणि हातमोजे घालावेत. जुन्या डागांना दुसरी फेरी लागते.

लोहखनिजाची लाल धूळ मात्र वेगळी. खनिज हे आधीच लोखंडाचे ऑक्साइड असते, ते आणखी गंजत नाही आणि फुगतही नाही. वेळेवर पाणी मारले की ती मातीसारखी निघते. गडचिरोलीतल्या आष्टी-आलापल्लीकडून आलेली गाडी लालसर दिसली म्हणून आयर्न रिमूव्हरवर पैसे घालण्याचे कारण नाही.

रसायनाने न सुटलेला खरखरीतपणा क्लेने काढतात. ही शाडूसारखी मऊ, चिकट वडी मूळची जपानमधली. शॅम्पूच्या पाण्याने पत्रा निसरडा करून ही वडी दाब न देता सरळ रेषेत फिरवली की वर उभे असलेले कण तिच्यात अडकून येतात. फिरवताना आधी खरखर ऐकू येते आणि हळूहळू ती बंद होते. वडी दर थोड्या वेळाने दुमडून नवी बाजू वर घ्यावी. जमिनीवर पडली तर फेकून द्यावी, कारण तिच्यात रुतलेला एक वाळूचा खडा अख्ख्या बॉनेटची नासाडी करू शकतो. क्रम महत्त्वाचा आहे: आधी आयर्न रिमूव्हर, मग क्ले. उलट केले तर कणांची डोकी उडतात आणि मुळे रंगात राहून पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तांबडी होतात.

जंगलाकडच्या डागांत सर्वांत फसवा डाग पिवळ्या ठिपक्यांचा. मोहरीच्या दाण्यापासून तांदळाच्या दाण्याएवढे, लांबट, मोहरीच्याच रंगाचे ठिपके छतावर, बॉनेटवर, काचेवर सारख्या अंतराने शिंपडल्यासारखे दिसतात. ते झाडाचा चीक किंवा कारखान्याचे रसायन समजले जातात. प्रत्यक्षात ती मधमाश्यांची विष्ठा असते. आग्या मोहोळाच्या माश्या उंच झाडावर, कड्यावर किंवा इमारतीच्या सज्जाखाली उघडे पोळे बांधतात, आणि शेकडो-हजारो माश्या एकदम बाहेर पडून हवेतच शरीर मोकळे करतात. त्या एका झुंडीखाली उभी असलेली गाडी काही मिनिटांत पिवळी पडते.

या ठिपक्यांनी एकदा जागतिक राजकारणही ढवळले होते. सप्टेंबर १९८१ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी बर्लिनच्या भाषणात आरोप केला, की सोव्हिएत संघाच्या मदतीने आग्नेय आशियात विषारी द्रव्यांचा मारा होत आहे. लाओसमधून पळून आलेले लोक आकाशातून पडलेल्या पिवळ्या थेंबांबद्दल सांगत होते, त्यावरून ‘पिवळा पाऊस’ हे नाव रूढ झाले. हार्वर्डचे मॅथ्यू मेसेलसन आणि मधमाश्यांचे अभ्यासक थॉमस सीली यांनी नमुन्यांतले परागकण तपासले आणि ही मधमाश्यांची विष्ठा असल्याचे मांडले. १९८४ मध्ये थायलंडमध्ये असा एक वर्षाव त्यांनी स्वतः अंगावर घेतला. अमेरिकेने तो आरोप रीतसर मागे घेतला नाही, पण पिवळ्या ठिपक्यांचे मूळ काय, याविषयी शास्त्रज्ञांत आता फारसा वाद नाही. पोंभुर्ण्याच्या गाडीमालकालाही शेजारच्या कारखान्यावर संशय घेण्याआधी मान वर करून जवळच्या झाडाकडे बघायला हरकत नाही.

या विष्ठेत परागकणांची टणक टरफले आणि मेणचट पिवळे रंगद्रव्य असते. टरफलांमुळे कोरडे पुसणे घातक, आणि रंगद्रव्यामुळे उशीर घातक. कोमट पाण्यात शॅम्पू घालून जाडसर सुती फडके भिजवावे, ते ठिपक्यांवर दहा मिनिटे नुसते अंथरून ठेवावे, आणि मग न दाबता उचलून घ्यावे. बहुतेक ठिपके फडक्याबरोबर येतात. मागे पिवळसर सावली उरली तर घाई करू नये. वनस्पतींतले पिवळे रंग उन्हाने उडतात, त्यामुळे आठ-पंधरा दिवसांत सावली फिकी होते. तेवढ्यानेही गेली नाही तर हलके पॉलिश लागते. मोहोळाला धूर देणे किंवा ते जाळणे हा उपाय नाही. आग्या माश्या पाठलाग करून डसतात, आणि त्यांनी माणसाचा जीव गेल्याच्या घटनाही घडतात.

पाखरांच्या शिटेत युरिक आम्ल असते, पण रंगाचे नुकसान फक्त आम्लाने होत नाही. उन्हात क्लिअर कोट किंचित मऊ होतो आणि फुगतो. वर वाळणारी शीट त्याच वेळी आकसते. संध्याकाळी पत्रा गार होताना रंग त्या वाळलेल्या पापुद्र्याच्या उंचसखलपणाचा ठसा घेऊन घट्ट होतो. मग शीट धुऊन गेली तरी त्या आकाराचा निस्तेज डाग राहतो. जूनमध्ये जांभळे पिकली की पाखरांच्या आणि वटवाघळांच्या कृपेने तो जांभळाही असतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात शिटेला सकाळपासून संध्याकाळपर्यंतची मुदत देणेही धोक्याचे. डिक्कीत पाण्याची बाटली आणि स्वच्छ फडके ठेवणे हा या डागावरचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी पाळला जाणारा इलाज आहे.

झाडांखाली सावली मिळते आणि डागही मिळतात. आंब्याला मोहर असताना तुडतुड्यांच्या अंगातून झरणारा गोड चिकटा खालच्या गाडीवर बारीक तकतकीत थेंबांनी पसरतो. तो तसाच राहिला तर त्यावर धूळ आणि काळी बुरशी चढते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळणारी मोहफुले बॉनेटवर चिरडली की साखरेचा तपकिरी लेप बसतो. हे दोन्ही डाग साखरेचे, त्यामुळे कोमट पाण्याने निघतात. सागाचे कोवळे पान बोटांत चुरडले की बोटे लाल होतात, हे या भागातल्या पोराटोरांना ठाऊक असते. पावसात गाडीवर पडून कुजलेली पाने असेच तांबूस-तपकिरी छाप ठेवतात. असा छाप ओला असतानाच शॅम्पूने निघतो, वाळल्यावर त्याला पॉलिशच लागते. डिंक आणि राळ पाण्याने हलत नाहीत. औषधाच्या दुकानात मिळणारे स्पिरिट कापसावर घेऊन अर्धा मिनिट ठेवले की ती मऊ होतात. मग पुसून ती जागा लगेच धुवावी. ताज्या रंगवलेल्या पत्र्याला स्पिरिट लावू नये.

काही डाग गाडीच्या सन्मानार्थ पडतात. दसऱ्याला किंवा नवी गाडी दारात आली की बॉनेटवर हळदीकुंकवाचा स्वस्तिक काढतात, आणि पांढऱ्या रंगावर तो चार दिवसांनी पुसू म्हटले तर पिवळी-गुलाबी छाया उरते. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो. साबण अल्कधर्मी असल्यामुळे हळदीचा रंग पालटतो, गाडीचे काही बिघडत नाही. पाण्याने धुतल्यावर तो पुन्हा पिवळा होतो. हळदीतले कर्क्युमिन उन्हात टिकत नाही, म्हणून गाडी धुऊन चार-सहा दिवस उन्हात ठेवणे हाच त्यावरचा उतारा. बाजारातल्या कुंकवात आणि गुलालात बऱ्याचदा कृत्रिम रंग असतात, ते उन्हाला दाद देत नाहीत. गुलाल ओल्या फडक्याने पुसणे ही नेहमीची चूक. ओल लागताच तो रंग सोडतो. आधी मऊ ब्रशने कोरडाच झटकावा, मग वरून पाण्याचा झोत मारावा. उरलेल्या छटेला स्पिरिटचा बोळा पुरतो. स्वस्तिक काचेवर काढला तर प्रश्नच येत नाही.

रस्त्याचे डाग गाडीच्या खालच्या भागात, चाकांच्या मागे सापडतात. डांबराचे काळे ठिपके टार रिमूव्हरने जातात, आणि तो नसेल तर खाण्याच्या तेलानेही हळूहळू सुटतात. त्यासाठी शेंगदाण्याचे तेल घ्यावे. विदर्भातल्या स्वयंपाकघरात हाताशी असणारे जवसाचे तेल घेऊ नये, कारण जवस तेल हवेत वाळून त्याचा चिवट पापुद्रा बनतो. तेल दहा मिनिटे मुरू देऊन पुसावे आणि शॅम्पूने धुवावे. वॉशिंग सेंटरवर डांबरासाठी डिझेल मारण्याची पद्धत आहे. डाग जातो, पण दारांचे रबर फुगते आणि मागे राहिलेल्या तेलकटपणावर धूळ बसते.

सिमेंटचा शिंतोडा ओला असेल तर पाच मिनिटांचे काम, वाळला तर पाच दिवसांचे. तो अल्कधर्मी असल्याने रंगाला खातो आणि दगडासारखा कडकही होतो. पांढरे व्हिनेगर आणि पाणी सारख्या प्रमाणात घेऊन भिजवलेली घडी त्यावर ठेवावी, भुसभुशीत झालेला थर धुऊन टाकावा, आणि असे पुन्हा पुन्हा करावे. चाकू किंवा पत्र्याचा तुकडा लावू नये. वीजकेंद्राकडची राख दिसायला पिठासारखी मऊ, पण तिचे कण सिलिकेटच्या काचेचे असतात. राख, कोळशाची भुकटी आणि सिमेंटची धूळ यांना हात न लावता आधी पाण्यानेच वाहून लावावे. सकाळी गाडी काढण्यापूर्वी दवाने भिजलेल्या बॉनेटवर फडके मारण्याची सवय ही या जिल्ह्यात रंगाला लावलेला पॉलिश पेपरच समजावी.

खर्रा हा विषय गाडीच्या डागांत यावा हे दुर्दैव, पण मागच्या दारावरचे आडवे तपकिरी ओघळ त्याचेच असतात. सुपारीतले टॅनिन आणि चुना दोन्ही रंगावर पकड घेतात. ओले असताना पाण्याने, वाळल्यावर शॅम्पूच्या भिजल्या फडक्याने ते काढावेत. थुंकणारा बहुधा गाडीतच बसलेला असतो, त्यामुळे प्रतिबंधाची बाजू मालकाने स्वतः बघायची आहे.

बोरिंगचे पाणी या भागात बऱ्याच ठिकाणी जड असते. गाडी उन्हात धुतली आणि तशीच वाळू दिली तर प्रत्येक थेंब जागेवर आटून क्षाराचे वर्तुळ सोडतो. पांढऱ्या रंगावर ते समोरून दिसत नाही. तिरक्या उजेडात निस्तेज गोल दिसतात. चंदेरी गाडीवर आणि काचांवर ते ठळक उठून येतात. व्हिनेगर-पाण्याचे तेच मिश्रण एक-दोन मिनिटे लावून धुतले की ताजे क्षार विरघळतात. महिनोन्‌महिने साचलेल्या क्षाराने रंगात खळगे केलेले असतील तर व्हिनेगर उपयोगाचे नाही.

घरगुती उपायांबद्दल थोडे कठोर बोलणे भाग आहे. टूथपेस्टने डाग जातो, कारण तिच्यात घासणारी पूड असते. डागाबरोबर चकाकीही जाते. कपड्यांच्या पावडरीतला सोडा मेणाचा संरक्षक थर धुऊन काढतो आणि न विरघळलेले खडे ओरखडे पाडतात. संडास-फरशी साफ करण्याचे ॲसिड तांबड्या ठिपक्यांवर चमत्कारासारखे काम करते, आणि नंतर टवका गेलेल्या जागेतून पत्र्यावरही तसेच काम करते. भांड्यांची हिरवी घासणी कोणत्याही कारणाने गाडीजवळ येता कामा नये.

मुरलेल्या डागाला शेवटी पॉलिश लागते. पॉलिश म्हणजे डाग असलेल्या पातळीपर्यंत क्लिअर कोट घासून खाली आणणे. दरवेळी काही मायक्रॉन जातात आणि ते परत येत नाहीत. म्हणून सुरुवात सर्वांत हलक्या पॉलिशने, हाताने, फक्त डागापुरती करावी. वेगाने फिरणाऱ्या मशीनवर जाड कंपाउंड लावून ‘रबिंग मारण्याची’ पद्धत गावोगावी आहे. काळ्या गाडीवर तिचे वेटोळे लगेच दिसतात आणि कारागीर हात आवरतो. पांढऱ्यावर ते दिसत नाहीत, त्यामुळे कारागीर घासतच राहतो. बॉनेटच्या कडा आणि दारांच्या उठावदार रेघा यांवर थर आधीच पातळ असतो. तिथला क्लिअर कोट संपला की दोन-तीन उन्हाळ्यांत सालपटे निघू लागतात, आणि मग पूर्ण भाग रंगवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र असलेल्या कारागिराकडे जाणे केव्हाही बरे.

टवका जाऊन आतून गंजलेला ठिपका हा या सगळ्यांपेक्षा वेगळा. त्याला ना फवारा लागू पडतो ना क्ले. गंज खरवडून, प्रायमर लावून, वर टच-अपचा रंग भरावा लागतो, आणि हे काम पावसाळ्याच्या आत व्हावे लागते.

बचावाचा पाया म्हणजे धुण्याची रीत आणि मेणाचा थर. दोन बादल्या घ्याव्यात, एकीत शॅम्पू, दुसरीत फडके पिळायला साधे पाणी. सावलीत, वरून खाली, आणि शेवटी मायक्रोफायबरने कोरडे करणे. पाण्याची टंचाई असेल त्या उन्हाळ्यात आठवड्याला पूर्ण धुण्यापेक्षा रोज डागापुरते ओले फडके जास्त कामाचे. वॅक्सचा थर असला की हळद, चिकटा, विष्ठा ही आधी त्या थरावर बसतात आणि त्याच्यासकट निघतात. इथल्या उन्हात साधे वॅक्स दोन महिने टिकले तर चांगले समजावे. फेब्रुवारीच्या शेवटी, मोहर आणि मोहफुलांच्या तोंडावर एकदा, मृगाच्या आधी एकदा आणि दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात एकदा, असा हिशेब ठेवला तर डागांचे मुख्य हंगाम झाकले जातात. कृत्रिम सीलंट यापेक्षा जास्त काळ चालतो. गाडीचे कव्हर झाडाखाली उपयोगी पडते, पण धुळीच्या गाडीवर घातलेले कव्हर वाऱ्याने हलून रंग घासते, आणि पावसाळ्यात ते ओल धरून ठेवते.

सिरॅमिक कोटिंगला आज बरीच मागणी आहे. त्याने धुणे सोपे होते आणि थर वर्ष-दोन वर्षे टिकतो. पण शिटेचा ठसा आणि जड पाण्याची वर्तुळे त्यावरही पडतात, आणि उडणाऱ्या खडीपुढे ते टिकत नाही. कोटिंग करून घेताना एक गोष्ट अवश्य विचारावी: आधी आयर्न रिमूव्हर आणि क्ले होणार आहे की नाही. नवी कोरी गाडी असली तरी विचारावी, कारण ती कारखान्यातून शोरूमपर्यंत रेल्वेने किंवा रस्त्याने शेकडो किलोमीटर आलेली असते. कोटिंगखाली लोखंडाचे कण राहून गेले, तर पुढे ते काढण्यासाठी पैसे मोजून लावलेले कोटिंग आधी घासून काढावे लागते.